फादर मत्तेओ रिची : चीनचे विद्यार्थी

२०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचा दर्शनसोहळा झाला. आपल्यापैकी कितीतरी जण सहकुटुंब जाऊन आले. संत फ्रान्सिस यांची चीनला जाण्याची इच्छा अपुरी राहिली, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील शांगच्वान बेटावर त्यांनी प्राण सोडला. समोर चीन होता, पण आत जायची वाट बंद होती. त्याच वर्षी, जेमतेम दोन महिने आधी, ६ ऑक्टोबर रोजी इटलीतील माचेराता या गावी एका औषधविक्रेत्याच्या घरी पहिला मुलगा जन्माला आला. त्याचे नाव मत्तेओ रिची. संत फ्रान्सिस यांना जे दार उघडता आले नाही ते या मुलाने पुढे उघडले. मात्र ते उघडायला त्याला आयुष्यातील सत्तावीस वर्षे लागली आणि त्यांतील बहुतेक वर्षे एका परक्या भाषेचा अभ्यास करण्यात गेली. पोप फ्रान्सिस यांनी १७ डिसेंबर २०२२ रोजी फादर रिची यांना वंदनीय म्हणून घोषित केले.

मत्तेओचे वडील जोव्हान्नी बत्तिस्ता रिची हे गावातील प्रतिष्ठित गृहस्थ होते. मुलाने कायदा शिकावा, पोप महाशयांच्या राज्यात मोठ्या हुद्द्यावर जावे, असे त्यांच्या मनात होते. सोळाव्या वर्षी मत्तेओला त्यांनी रोमला पाठवले. तीन वर्षे कायद्याचा अभ्यास झाला आणि १५ ऑगस्ट १५७१ रोजी, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, मुलाने येशूसंघाचे दार ठोठावले. बातमी कळताच वडील रागारागाने त्याला परत आणायला निघाले. वाटेत तोलेंतिनो गावी मुक्कामाला थांबले असता त्यांना ताप भरला. हा देवाचाच इशारा आहे असे मानून ते तिथूनच माघारी फिरले. आईवडिलांचा विरोध आणि मग शरणागती ही गोष्ट आपल्याकडच्या अनेक धर्मगुरूंच्या घरी घडली आहे, तेव्हा जोव्हान्नी बत्तिस्तांचे मन आपल्याला समजू शकते.

रोमच्या येशूसंघीय महाविद्यालयात मत्तेओला गणिताचे एक थोर शिक्षक लाभले, फादर क्रिस्तोफर क्लावियस. आपल्या भिंतीवरची दिनदर्शिका १५८२ सालच्या ज्या सुधारणेनुसार चालते, तिच्या मागे याच क्लावियस यांचे गणित आहे. त्यांच्याकडून मत्तेओ भूमिती शिकला, ताऱ्यांची गती मोजायला शिकला, सूर्यघड्याळे बनवायला शिकला. हे ज्ञान पुढे कुठे उपयोगी पडणार आहे याची त्या वेळी कोणाला कल्पना नव्हती.

१५७७ साली पूर्वेकडे जाण्याची परवानगी मिळाली. रोमहून निघताना माचेराताला जाऊन आईवडिलांना भेटता आले असते, पण मत्तेओ घरी न जाता सरळ पोर्तुगालला गेला. पुन्हा त्यांची भेट झाली नाही. त्याग म्हणून आपण या गोष्टीचे कौतुक करतो, तरी त्या आईचा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

२४ मार्च १५७८ रोजी लिस्बनहून जहाज निघाले आणि १३ सप्टेंबरला गोव्याला पोचले. बरोबरच्या येशूसंघीयांत मिकेले रुज्जेरी होते, तसेच रोदोल्फो अक्वाविवा हेही होते. रोदोल्फो पुढे अकबर बादशहाच्या दरबारी गेले आणि १५८३ साली साष्टीतील कुंकळ्ळी येथे रक्तसाक्षी झाले. गोव्यातील संत पॉल महाविद्यालयात रिची ईशज्ञान शिकू लागले व तरुणांना लॅटिन आणि ग्रीक शिकवू लागले. संत फ्रान्सिस झेवियर यांचे पवित्र शरीर त्या काळी याच महाविद्यालयाच्या चर्चमध्ये ठेवलेले होते. रिची आल्यानंतर वर्षभराने, ऑक्टोबर १५७९ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्सही गोव्याला उतरले. क्रिस्तपुराणामुळे त्यांचे नाव मराठी ख्रिस्ती माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

गोव्याची हवा रिचींना मानवली नाही. आजारपणामुळे त्यांना कोचीनला पाठवण्यात आले आणि तिथेच २६ जुलै १५८०, संत आन्नाच्या सणादिवशी, त्यांना गुरुदीक्षा मिळाली. त्यानंतर ते गोव्याला परतले. या वास्तव्यातील एक गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही, म्हणून इथे थोडी सविस्तर सांगतो. गोव्याच्या महाविद्यालयात स्थानिक विद्यार्थ्यांना लॅटिन आणि धर्मगुरूच्या कामापुरते शिक्षण द्यावे, तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान मात्र शिकवू नये, असा विचार त्या वेळी जोर धरू लागला होता. एवढे शिकले तर ते गर्विष्ठ होतील आणि खेड्यापाड्यांतील साध्या धर्मग्रामांत काम करायला तयार होणार नाहीत, असे कारण दिले जात होते. एकोणतीस वर्षांच्या, नुकतीच गुरुदीक्षा झालेल्या रिचींनी २५ नोव्हेंबर १५८१ रोजी रोमला संघाच्या सर्वश्रेष्ठांना पत्र लिहून याला विरोध केला. विद्येने गर्व येत असेल तर तो युरोपियन विद्यार्थ्यालाही येतो, मग दार एकट्या भारतीयालाच बंद का, असा त्यांचा मुद्दा होता. इथल्या ख्रिस्ती माणसांना आधीच कमी लेखले जाते, निदान शिक्षण देणाऱ्यांनी तरी त्यांना आधार द्यावा, असेही त्यांनी कळवले. ते त्या वेळी कोणी मोठे अधिकारी नव्हते. वरिष्ठांच्या विरोधात लिहिण्याने त्यांचे स्वतःचे नुकसान होऊ शकले असते. परक्या माणसाकडे बरोबरीच्या नात्याने पाहण्याची जी दृष्टी त्यांनी पुढे चीनमध्ये दाखवली, ती त्यांच्या ठायी गोव्यातच दिसते.

पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये बोलावणे आले आणि ऑगस्ट १५८२ मध्ये ते मकावला पोचले. त्यांचे जुने सोबती फादर रुज्जेरी तिथे १५७९ पासून चिनी भाषेशी झुंजत होते. पूर्वेकडील कामाचे प्रमुख फादर आलेस्सांद्रो वालिन्यानो यांची तशी आज्ञाच होती. त्याआधी मकावमध्ये राहणाऱ्या धर्मगुरूंचा साधारण समज असा होता की चिनी माणूस ख्रिस्ती झाला की त्याने पोर्तुगीज नाव घ्यावे, पोर्तुगीज पोशाख करावा आणि पोर्तुगीज बोलावे. रुज्जेरी भाषेत वेळ फुकट घालवतात असे काही सोबत्यांना वाटे. रुज्जेरींना शिकवणारा पहिला माणूस एक चित्रकार होता. दोघांना एकमेकांची भाषा कळत नसल्यामुळे तो वस्तूचे चित्र काढायचा, बाजूला अक्षर लिहायचा आणि उच्चार करून दाखवायचा.

ही भाषा शिकणे म्हणजे काय, हे जरा समजून घेतले पाहिजे. आपल्या बाराखडीसारखी तिला बाराखडी नाही. प्रत्येक शब्दाला वेगळे चिन्ह, आणि चांगला वाचता येण्यासाठी अशी हजारो चिन्हे पाठ हवीत. शब्दाला लिंग नाही, वचन नाही, विभक्ती नाही. त्याहून अवघड म्हणजे आवाजाचा चढउतार. एकच मा वेगवेगळ्या सुरात म्हटला की कधी आई, कधी ताग, कधी घोडा आणि कधी शिव्या देणे असा अर्थ होतो. आपल्याकडे ऱ्हस्वदीर्घ चुकले की मास्तरांची छडी बसायची, इथे सूर चुकला तर प्रवचनाचा विचका! रिचींनी रुज्जेरींबरोबर पोर्तुगीज आणि चिनी शब्दांचा एक कोश तयार करायला घेतला. सुमारे सहा हजार पोर्तुगीज शब्द, त्यांपुढे चिनी उच्चार रोमन लिपीत आणि शेवटी चिनी अक्षरे अशी त्याची मांडणी आहे. सगळ्या रकान्यांत चिनी अक्षरे भरलेली नाहीत, काही जागा कोऱ्या राहिल्या आहेत. ही हस्तलिखित पाने पुढे विस्मृतीत गेली आणि १९३४ साली येशूसंघाच्या रोममधील दप्तरात सापडली. युरोपीय भाषेतून चिनीत नेणारा हा पहिलाच कोश समजला जातो.

सप्टेंबर १५८३ मध्ये दोघांना चीनच्या आत, झाओछिंग शहरात, राहण्याची परवानगी मिळाली. तिथले अधिकारी वांग पान यांनी जमीन दिली. बौद्ध भिक्षूंप्रमाणे डोके व दाढी भादरून, त्यांच्यासारखी वस्त्रे घालून हे दोघे राहू लागले. घरात आपोआप टोले देणारे घड्याळ होते, ज्यातून रंग फुटतात असे काचेचे लोलक होते आणि भिंतीवर जगाचा नकाशा होता. पाहायला लोकांची रीघ लागे. नकाशा बघून मंडळी चकित होत, कारण त्यांच्या नकाशात चीन म्हणजेच जवळजवळ सगळी पृथ्वी आणि बाकीचे देश कडेला ठिपक्यांसारखे. वांग पान यांच्या सांगण्यावरून रिचींनी १५८४ साली चिनी नावे घालून नकाशा नव्याने काढला. त्यात युक्ती अशी केली की चीन कडेला न पडता मध्याजवळ यावा. पृथ्वी गोल आहे, तेव्हा मध्य कुठेही धरला तरी खोटे ठरत नाही!

सगळेच प्रेमाने वागत होते असे नाही. शेजारच्या मनोऱ्यावरून पोरे घरावर दगड मारीत. परदेशी भुते म्हणून लोक हिणवीत. १५८८ साली रुज्जेरी पोप महाशयांकडून चीनच्या बादशहाकडे वकिलात पाठवावी म्हणून युरोपला गेले आणि पुन्हा परतले नाहीत. दुसऱ्याच वर्षी नव्या सुभेदाराला फादरांचे घर आवडले आणि त्याने त्यांना शहराबाहेर काढले. सहा वर्षांचे काम मागे टाकून रिची शाओझोऊला गेले.

शाओझोऊची वर्षे त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण. मदतीला आलेले फादर आंतोनियो द आल्मेदा १५९१ मध्ये तापाने गेले. त्यांच्या जागी आलेले फादर फ्रांचेस्को दे पेत्रिस दोन वर्षांनी तसेच गेले. १५९२ च्या जुलैमध्ये रात्री काही जणांनी घरावर हल्ला केला. खिडकीतून उडी मारताना रिचींचा पाय मुरगळला आणि ते जन्मभर लंगडत चालले. गुन्हेगार पकडले गेले तेव्हा त्यांना कडक शिक्षा होऊ नये म्हणून रिचींनीच खटपट केली.

याच काळात त्यांनी एका वयस्क गुरूच्या हाताखाली कन्फ्यूशियसच्या परंपरेतील चार ग्रंथ शाळकरी मुलासारखे अक्षर अक्षर लावून वाचले आणि त्यांचे लॅटिनमध्ये भाषांतर सुरू केले. वयाची चाळिशी आलेला, रोममध्ये शिकलेला हा माणूस पुन्हा बाकावर बसला. भाषांतराचा एक हेतू असा की नव्याने येणाऱ्या धर्मगुरूंना त्यावरून चिनी शिकता यावी. छू ताइसू नावाचे एक मोठ्या घरातील गृहस्थ त्यांच्याकडे शिकायला आले. पाऱ्यापासून चांदी करण्याची विद्या फादरांना येते या समजुतीने ते आले होते. ती मिळाली नाही, पण गणिताची गोडी लागली. त्यांनीच रिचींना सांगितले की या देशात भिक्षूंना फारसा मान नाही, मान आहे तो विद्वानांना. वालिन्यानोंची परवानगी घेऊन रिचींनी दाढी वाढवली आणि १५९५ पासून विद्वानांचा रेशमी झगा घालायला सुरुवात केली. गरिबीचे व्रत घेतलेल्या धर्मगुरूने रेशीम नेसावे का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. माझ्या मते प्रश्न योग्य होता. पण ज्या घरांची दारे त्या झग्यामुळे उघडली ती दुसऱ्या कशाने उघडली नसती, हेही खरे.

त्याच वर्षी उत्तरेकडे जाताना त्यांची होडी नदीत उलटली. बरोबरचा जुवांव बारादास हा तरुण बुडून मेला, रिची दोर हाती लागल्याने कसेबसे वाचले. नानजिंगहून त्यांना परतवण्यात आले आणि ते नानचांगला राहिले. या शहरात त्यांची कीर्ती झाली. चारपाचशे चिनी अक्षरे कोणत्याही क्रमाने लिहून दिली तर एकदा वाचून ते ती सगळी म्हणून दाखवत, आणि वर शेवटच्या अक्षरापासून उलटीही म्हणत. सरकारी परीक्षांसाठी मुलांकडून घोकंपट्टी करून घेणाऱ्या त्या समाजाला याहून मोठे नवल कोणते? स्मरणाच्या पद्धतीवर त्यांनी चिनीत एक पुस्तकही लिहिले. मात्र लोकांच्या मनात घर केले ते १५९५ सालच्या छोट्याशा पुस्तकाने. त्याचा विषय होता मैत्री. ग्रीक व रोमन लेखकांची मित्रांविषयीची वचने त्यांनी शुद्ध चिनीत उतरवली. त्यात धर्मोपदेश असा काही नव्हता. रिचींनी स्वतःच लिहून ठेवले आहे की इतर कशाहीपेक्षा या पुस्तकाने त्यांना व युरोपला मान मिळवून दिला.

१५९८ साली ते बीजिंगपर्यंत गेले, पण कोरियात जपानशी युद्ध चालू असल्याने परक्यांविषयी संशय होता आणि परतावे लागले. परतीच्या होडीतील कंटाळवाणा प्रवासही त्यांनी वाया घालवला नाही. सोबतचे फादर लाझारो कात्तानेओ यांना संगीताचा कान होता. दोघांनी चिनी बंधू सेबास्तियन फेर्नांदिस यांच्या मदतीने प्रत्येक शब्दाचा सूर दाखवणाऱ्या खुणा ठरवल्या. पुढे येणाऱ्या धर्मगुरूंनी सर्वांनी त्याच खुणा वापराव्यात असा नियम केला.

दुसऱ्या खेपेला, १६०० साली, वाटेत मा तांग नावाच्या खोजा अधिकाऱ्याने त्यांना अडकवले. सामान तपासताना क्रूसावरील प्रभूची लाकडी मूर्ती सापडली. रक्ताने माखलेला, खिळ्यांनी ठोकलेला मनुष्य पाहून बादशहाला मारण्यासाठी केलेली ही करणी आहे अशी त्याची खात्रीच झाली. आपण आज ज्या क्रूसापुढे सहज गुडघे टेकतो, तो प्रथमच पाहणाऱ्याला कसा दिसतो, याचा रिचींना त्या दिवशी अनुभव आला. कित्येक महिने थंडीत अडकून पडल्यावर अचानक बादशहाचा हुकूम आला, कारण त्याला आपोआप टोले देणाऱ्या घड्याळाची आठवण झाली होती. २४ जानेवारी १६०१ रोजी रिची बीजिंगमध्ये शिरले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले.

वानली बादशहा त्यांना एकदाही भेटला नाही. रिकाम्या सिंहासनापुढे कपाळ टेकून रिची परत आले. बादशहाने चित्रकार पाठवून या परदेशी माणसांची चित्रे मात्र काढून घेतली. घड्याळ कसे चालवायचे हे रिचींनी चार खोजांना शिकवले. बादशहाच्या आईने घड्याळ पाहायला मागवले, तेव्हा तिला ते आवडून तिने ठेवून घेऊ नये म्हणून बादशहाने किल्ली न देताच ते पाठवले. टोले पडत नाहीत हे पाहून तिने ते परत केले! भेटीत एक पट्ट्यांचे तारवाद्यही होते. ते वाजवायला फादर दिएगो द पांतोहा यांनी दरबारी वादकांना शिकवले आणि त्यावर म्हणण्यासाठी रिचींनी सदाचारावर आठ चिनी गीते रचली. घड्याळ बिघडले तर दुरुस्त कोण करणार, या एका धास्तीमुळे दरबाराला त्यांना हाकलून देता आले नाही.

१६०३ साली त्यांचा मुख्य ग्रंथ प्रसिद्ध झाला, स्वर्गाच्या प्रभूविषयी. एक चिनी विद्वान व एक पाश्चात्त्य विद्वान यांच्या संवादाच्या रूपाने तो लिहिला आहे. देवाला चिनीत काय म्हणावे, हा साधा प्रश्न नव्हता. लॅटिन शब्द तसाच ठेवला तर तो परका राहतो. देशी शब्द घेतला तर त्याच्याबरोबर जुने अर्थही येतात. देव, स्वर्ग, कृपा हे शब्द वापरताना फादर स्टीफन्स यांच्यापुढे गोव्यात हाच पेच होता. रिचींनी तिएनजू म्हणजे स्वर्गाचा स्वामी हा शब्द घेतला. शिवाय चीनच्या प्राचीन ग्रंथांतील शांगदी, म्हणजे वर असलेला सर्वश्रेष्ठ राजा, हाच तो देव असेही दाखवले. प्रभूच्या क्रूसमरणाचे वर्णन त्या ग्रंथात नाही. यावरून त्यांच्यावर टीका झाली. पण तो ग्रंथ अजून उंबरठ्याबाहेर असलेल्या वाचकासाठी होता. श्रद्धेचा अंगीकार करणाऱ्यांसाठी त्यांनी प्रार्थना आणि प्रेषितांचा विश्वासांगीकार वेगळ्या पुस्तकात दिला. एक उणीव मात्र मान्य केली पाहिजे. कन्फ्यूशियसच्या अनुयायांना त्यांनी जितके समजून घेतले, तितके बौद्धांना घेतले नाही. त्यांच्याविषयी ते कठोरपणे लिहीत.

दुसरा प्रश्न पूर्वजांचा. चिनी घरात वाडवडिलांच्या नावाच्या पाट्यांपुढे उदबत्त्या लावून नमस्कार करतात, अन्न ठेवतात. ख्रिस्ती झालेल्याने हे सोडावे का? अनेक वर्षे पाहून, वाचून, विचारून रिचींचे मत झाले की ही मृतांची पूजा नसून आईवडिलांविषयीची कृतज्ञता आहे आणि ती करायला हरकत नाही. या मताची पुढे काय गत झाली ते शेवटी येईलच.

त्यांचे सर्वांत जवळचे मित्र म्हणजे शांघायचे शू ग्वांगची. १६०३ मध्ये नानजिंग येथे त्यांचा पॉल या नावाने स्नानसंस्कार झाला. दोघांनी मिळून युक्लिडच्या भूमितीची पहिली सहा पुस्तके चिनीत आणली. रिचींनी तोंडी अर्थ सांगावा, शू यांनी तो लिहावा, मग दोघांनी शब्दाशब्दाची छाननी करावी, असे तीन वेळा मसुदे झाले. १६०७ साली पुस्तक छापले गेले. बिंदू, रेषा, त्रिकोण, समांतर यांसाठी त्यांनी ठरवलेले शब्द चीनची शाळकरी मुले आजही वापरतात. उरलेली पुस्तके लगेच करू असा शू यांचा आग्रह होता, पण रिचींनी थांबायला सांगितले. ती चिनीत यायला १८५७ साल उजाडले.

१६०५ साली आय तिएन नावाचे एक गृहस्थ कायफेंगहून भेटायला आले. एकच देव मानणारे परदेशी आले आहेत असे वाचून, आपलेच धर्मबांधव असावेत अशा आनंदात ते आले होते. वेदीवर पवित्र मरिया, बाळ येशू व बाळ योहान यांचे चित्र होते. ते पाहून त्यांनी वंदन केले, कारण ही रिबेका आणि तिचे जुळे मुलगे याकोब व एसाव आहेत असे त्यांना वाटले. ते यहुदी होते! चीनमध्ये शतकानुशतके यहुदी लोक राहत आहेत हे युरोपला अशा रीतीने कळले.

रिचींचे दिवस आता पाहुण्यांत जात. चिनी रीतीप्रमाणे आलेल्या प्रत्येकाच्या घरी परतभेटीला जावे लागे. १६१० साली परीक्षांसाठी हजारो विद्वान राजधानीत आले आणि दारात माणसांची रांग लागली. त्यातच त्यांचे मित्र ली झिझाओ आजारी पडले. १६०२ चा मोठा नकाशा यांच्याच मदतीने झाला होता. रिचींनी त्यांची शुश्रूषा केली आणि लेओ या नावाने त्यांना स्नानसंस्कार दिला. ली बरे झाले, रिची मात्र थकून अंथरुणाला खिळले. ११ मे १६१० रोजी, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, ते ख्रिस्तवासी झाले. शवपेटीचा खर्च ली झिझाओ यांनी केला. परदेशी माणसाला राजधानीत दफन करण्याची प्रथा नव्हती, पण फादर पांतोहांच्या अर्जावरून बादशहाने शहराच्या पश्चिम वेशीबाहेर जागा दिली. शू ग्वांगची त्या वेळी वडिलांच्या मृत्यूचे तीन वर्षांचे सुतक पाळण्यासाठी शांघायला होते. परतल्यावर १६११ साली मित्राच्या दफनाला ते हजर राहिले.

त्या वेळी सगळ्या चीनमध्ये ख्रिस्ती लोक होते अवघे अडीच हजारांच्या आसपास. पुढे संख्या वाढली, नवे संघ आले आणि पूर्वजांच्या प्रश्नावरून धर्मगुरूधर्मगुरूंतच वाद पेटला. तो शंभर वर्षे चालला. १७१५ साली पोप क्लेमेंट अकरावे यांनी आणि १७४२ साली पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी हे विधी ख्रिस्ती माणसाला कायमचे मना केले. मधल्या काळात चिडलेल्या कांगशी बादशहाने १७२१ मध्ये धर्मप्रसारालाच बंदी केली. ज्यांनी रोमचे ऐकले त्यांना स्वतःच्या घरात परके व्हावे लागले. आईबापाच्या पाटीपुढे न वाकणारा मुलगा चिनी समाजात नालायक ठरे. या हुकमांची किंमत मोजली ती या साध्यासुध्या कुटुंबांनी. ८ डिसेंबर १९३९ रोजी, पोप पायस बारावे यांच्या काळात, ख्रिस्तसभेने ती मनाई मागे घेतली. रिचींचे मत मान्य व्हायला त्यांच्या मृत्यूनंतर तीनशे एकोणतीस वर्षे लागली.

त्यांच्या कबरीचे नशीबही असेच. १९०० सालच्या बॉक्सर बंडात ती उद्ध्वस्त झाली, नंतर दुरुस्त झाली. १९६६ साली सांस्कृतिक क्रांतीच्या काळात कबरीवरचे दगड जमिनीत पुरण्यात आले. १९७९ च्या सुमारास सरकारने ते काढून पुन्हा उभे केले. ही जागा आता बीजिंगमधील एका प्रशासकीय महाविद्यालयाच्या आवारात आहे. उभ्या शिळेवर एका बाजूला लॅटिन आणि दुसऱ्या बाजूला चिनी मजकूर आहे. चिनीत नाव आहे ली मादोऊ, कारण तिथे त्यांना याच नावाने ओळखतात. दोन्ही बाजूंना फादर आदाम शाल व फादर फर्दिनांद फर्बिस्ट यांच्या कबरी आहेत. बीजिंगला एखादा ज्योतिषशास्त्र जाणणारा धर्मगुरू पाठवा, अशी मागणी रिचींनी रोमकडे वारंवार केली होती. ती पुरी झाली ती पुढे या दोघांच्या रूपाने.